भरल्या कळशीचे माप

कातळाईच्या डोंगराला जिथे पहिली पायरी लागते, तिथे उजव्या हाताला एक सपाट काळा कातळ आहे. चार माणसे ऐसपैस बसतील एवढा. त्याला मापशिळा म्हणतात. पाहुण्यांनी त्यावर बसू नये. पायातले काढून उभे राहायला मात्र हरकत नाही, कारण तो उभे राहण्यासाठीच आहे. तुम्ही एवढ्या लांबून मोटारी घेऊन आलात ते काही डोंगर चढायला आला नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. येणारे सगळे देवीला खालूनच हात जोडतात आणि वळतात ते आमच्या आळीकडे. देवीचाही त्याला राग नाही. आळीत जे बनते ते तिच्याच पायरीवर जन्माला आले आहे.

आमच्या गावचा, कातळवेढ्याचा जोड म्हणजे काय, हे आता सांगायला नको. लग्नसराईत बड्या घरच्या नवऱ्यामुली त्यासाठी अडून बसतात, आणि नट्या तो घालून फोटो काढतात. शहरातल्या काचेच्या दुकानांत त्याची नक्कल मखमलीवर एकटी मांडलेली असते आणि तिच्यापुढे गिऱ्हाइकांपेक्षा बघे जास्त असतात. ओळखायची खूण एकच, या जोडातल्या दोन चपला एकमेकींसारख्या नसतात. एकीचा तळ रुंद, दुसरीचा अरुंद. एकीचा कान, म्हणजे पावलाला बाजूने धरणारी पट्टी, पसरट, दुसरीचा आखूड. नक्कल करणारा डावी थोडी रुंद कापतो आणि झाले म्हणतो. ती का रुंद असते आणि कधी डावीऐवजी उजवीच का रुंद असते, हे त्याला विचारा, तो दुकानाच्या मालकाकडे बघेल. मालक छताकडे बघेल.

लोकांना वाटते ही तऱ्हा परदेशात शिकून आलेल्या कुणा कलावंताने काढली असावी. ती काढली हौसाने. हौसा परदेशात सोडाच, पंचगंगेच्या पलीकडेही कधी गेली नव्हती असे सांगतात.

कोणत्या सालातली गोष्ट, ते कुणाला सांगता येत नाही. विचारलेच तर आम्ही म्हणतो, तेव्हा या डोंगराला पायऱ्या नव्हत्या आणि समोरच्या टेकाडावर, जिथे आता नुसती निवडुंगे आहेत, तिथे सरदारांची गढी होती. दर चैत्री पौर्णिमेला गढीच्या बाईसाहेबांनी नदीचे पाणी तांब्याच्या कळशीत भरायचे, कमरेवर घ्यायचे आणि कुठेही खाली न ठेवता वर देवीच्या स्नानाला न्यायचे, असा नेम होता. मागे सारा गाव चालायचा. कळशी भरलेली पोचली की वर्ष सुखाचे, हिंदकळून रिती झाली की वर्ष वाईट. चैत्रात हा कातळ तव्यासारखा तापतो, म्हणून देवळाच्या उंबऱ्यापर्यंत बाईसाहेबांच्या पायात चपला असत. त्या चपला करायचा मान आमच्या आळीतल्या एकाच घराला होता. ते घर रायबाचे, आणि हौसा ही रायबाची बायको.

त्या काळी कामाची वाटणी ठरलेली होती. कातडे कापायची रापी पुरुषाच्या हातात, वेणी गुंफायची आणि वादीने शिवायचे ते बाईच्या हातात. पण रायबाची नजर ऐन उमेदीत गेली. मग तो शेजारी बसायचा आणि हौसा रापी चालवायची. तिने कापलेल्या कडेवरून तो बोट फिरवायचा आणि चुकले असेल तर नुसते "हं" म्हणायचा. त्या एका हुंकारावर ती असे कापायला शिकली, की पुढे पुढे त्याचे बोट कडेवरून फिरायचे आणि तोंडातून आवाजच यायचा नाही. आळीला हे माहीत होते. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून सगळे गप्प होते.

रायबा गेला आणि मूठ उघडी पडली. मागे उरली हौसा आणि तिची लेक सुंदरा. दिवसकार्य आटोपताच रायबाचा धाकटा भाऊ दौलू दारात आला. माणूस वाईट नव्हता, कारागीर तर चांगलाच होता. पण रीत म्हणजे रीत.

"वैनी, दादाची रापी दे," तो म्हणाला. "तू आनि सुंदरा माज्या हाताखाली वेणी घाला. मी काय तुमास्नी उपाशी ठेवनार न्हाई."

"उपाशी मरायची भीती कुनाला हाय, भावजी?" हौसा म्हणाली. "रापी माज्या हाताला लागलीया. ती न्हेलीस तर हात घेऊन मी काय करू?"

हे तिने रागाने म्हटले नव्हते, खरेच म्हटले होते. ओल्या कातड्यावर रापी फिरताना जो सुर्र असा आवाज येतो, तो कानावर पडल्याशिवाय तिला करमत नसे. नवरा गेल्यावर त्या आवाजातच तिला त्याची सोबत वाटे. प्रकरण पंचांपुढे गेले. पंचांनी पंचांसारखाच निवाडा दिला, म्हणजे कुणालाच न दुखावणारा. या चैत्रात बाईसाहेबांचा जोड हौसाने करावा. तो घालून कळशी वर पोचली तर रापी हौसाची. न पोचली तर रापी आणि गढीचा मान, दोन्ही दौलूचे.

त्या वर्षी गढीवर नव्या बाईसाहेब होत्या, गजराबाईसाहेब. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या. थोरल्या बाईसाहेब माघात वारल्या होत्या, त्यामुळे कळशीची पाळी या पोरसवदा सुनेवर आली होती. त्यांचे माप आले ते नेहमीच्या रीतीने. हळदीच्या पाण्यात पाय बुडवून पांढऱ्या कापडावर उमटवलेले एक उजवे पाऊल. पडद्याआड चौरंगावर बसून बाईसाहेबांनी ते उमटवायचे आणि दासीने आळीच्या तोंडाशी आणून ठेवायचे. आमच्या लोकांनी गढीच्या पायाला हात लावायचा नाही, मग मापाची दुसरी सोय ती काय? आणि पाऊल एकच, कारण कातडे उलटे धरले की उजवीची डावी होते, हे सगळ्या जगाला ठाऊक होते. रायबाने तसेच केले होते, त्याच्या बापाने आणि आज्यानेही.

हौसानेही तसेच केले. पण काय केले म्हणून सांगावे! तळाला बाभळीच्या सालीत मुरवलेले म्हशीचे कातडे, वर शेळीच्या कातड्याची वेणी, तीही इतकी बारीक की तांदळाचा दाणा तिच्यापुढे जाडा दिसावा. दोन्ही चपला एकीवर एक ठेवल्या तर मध्ये केस जाणार नाही. दौलूने जोड हातात घेतला, उलटसुलट केला आणि काही न बोलता परत ठेवला. कारागीर गप्प बसतो तेव्हा त्याने दाद दिली असे समजावे.

पौर्णिमेच्या सकाळी हलगी वाजली, कळशी भरली, बाईसाहेबांनी ती डाव्या कमरेवर घेतली आणि चढ सुरू झाला. आमच्या लोकांची जागा सगळ्यांत मागे, पण त्या दिवशी हौसा लोकांच्या कडेकडेने जमेल तितकी पुढे गेली होती. वाटेतल्या खिंडीपर्यंत सारे ठीक होते. खिंडीत बाईसाहेबांचे पाऊल अडखळले. आणखी दोन पावलांनी पुन्हा अडखळले. मग त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, कळशी कलली आणि सगळे पाणी कातळावर सांडले. हलगी बंद पडली. बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. डाव्या पायाची करंगळी तळाच्या बाहेर आली होती आणि चपलेच्या कानाची कड पावलात रुतून रक्त येत होते.

तांब्याची जड कळशी कमरेवर तशीच असताना बाईसाहेबांनी चपला काढल्या आणि सांडलेल्या पाण्यातून दोन पावले बाजूला सरकल्या. सगळे लोक रित्या कळशीकडे बघत होते. हौसाने शरमेने मान खाली घातली, आणि म्हणूनच तिला ते दिसले. तापल्या कातळावर दोन ओली पावले उमटली होती. उजवे पाऊल अगदी कापडावरच्यासारखे. डावे मात्र भलतेच रुंद, बोटे फाकलेली, टाच पसरलेली. जणू दुसऱ्याच बाईचे. तिने पुन्हा बघेपर्यंत उन्हाने दोन्ही पुसून टाकली.

"बाईच्या रापीनं घात केला," कुणीतरी म्हणाले. मग ते सगळेच म्हणू लागले.

हौसा घरी आली. कातडी मुरवायच्या कुंडाशेजारी जमीन नेहमी ओली असते. तिथे ती अनवाणी उभी राहिली आणि पायांकडे पाहिले. दोन्ही ठसे सारखे. मग तिने घागर भरून कमरेवर घेतली आणि शेजारीच पुन्हा उभी राहिली. आता डावा ठसा रुंद होता. तिने दोरी लावून पाहिली, सुंदराला उभे करून पाहिले, घागर उजवीकडे घेऊन पाहिले. ज्या अंगाला भार, त्या अंगाचे पाऊल फाकत होते. हौसा तिथेच चिखलात बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. एवढी साधी गोष्ट! आणि एवढ्या पिढ्यांत ती कुणाला दिसू नये, कारण कुणाला पायापर्यंत जाऊच दिले नव्हते.

गुरवाने सांगितले की अक्षय्य तृतीयेपर्यंत कळशी पुन्हा न्यावी, तोवर देवी पारोशी. पंच बसले. दौलूचा हक्क आता उघड होता आणि तो रापी न्यायला आलाच होता. हौसाने रापी स्वतः आणून पंचांपुढे ठेवली. मग हात जोडले, पण मान खाली घातली नाही, असे सांगतात.

"चूक माजीच हाय," ती म्हणाली. "माप घेतलं बसल्या पायाचं आनि चप्पल दिली चालत्या पायाला. तेबी वझं घेऊन चालनाऱ्या."

"आपला आजा, पणजा असंच माप घेत आला," दौलू म्हणाला. "त्येंच्या चपला कुनाला रुतल्या?"

"रुतल्याच असतील, भावजी. गढीवरच्या बाया बोलल्या न्हाईत, एवढंच."

थोरल्या बाईसाहेब उतारवयात डाव्या पायाने लंगडत असत, हे एका म्हाताऱ्या पंचाला आठवले आणि त्याने ते मोठ्याने बोलूनही दाखवले. शेवटी ठरले की दौलूने त्याच्या रीतीने जोड करावा, हौसाने तिच्या. तृतीयेला दोन्ही बाईसाहेबांपुढे ठेवावेत. तोवर रापी हौसाकडे राहील. "आनि माप?" पंचांनी विचारले. हौसा म्हणाली, "माप मी माज्या हातानं घेनार. बाईसाब कातळावर उभ्या, कळशी भरून कमरंवर, आनि दोन्ही पायांचं. त्याबिगर मी रापी कातड्याला लावनार न्हाई. ही माजी आन हाय, देवीच्या म्होरं."

हा निरोप गढीवर गेला तेव्हा काय गहजब झाला असेल, याची कल्पना करा. कारभारी होते विसाजीपंत. त्यांनी हौसाला गढीच्या दारापुढच्या अंगणात बोलावून घेतले. ओसरीवर पडदा सोडलेला होता आणि त्यामागे कोण बसले आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"हौसे, तुझे डोके ठिकाणावर आहे का?" विसाजीपंत कडाडले. "गढीच्या लक्ष्मीच्या पायाला तू हात लावणार?"

हौसा म्हणाली, "कारभारी, गावातलं ल्हानथोर सगळं बाईसाबांच्या पाया पडतं. पायाला हात लावायची कुनाला बंदी असती, हे मी आजच ऐकलं. मी काय डोक्याला हात लावत न्हाई कुनाच्या."

विसाजीपंतांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. नव्या सुनेचे बोलणे गावाने तोवर ऐकले नव्हते.

"कारभारी, चप्पल रुतली कुणाला?"

"आपल्याला, बाईसाहेब."

"मग माप द्यायचं की नाही, ते आम्ही ठरवू. उद्या उन्हं चढायच्या आत आम्ही कातळावर येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब या शिळेवर आल्या. भोवती उभ्या असलेल्या सगळ्या पुरुषांना विसाजीपंतांनी डोंगराकडे तोंड करून उभे केले. दासीने कळशी भरून दिली. हौसा कातडे टोचायची आरी घेऊन खाली बसली. आधी तिने डाव्या पायावरची जखम पाहिली. मग तिने कातळावरच पायाभोवती आरी फिरवायला सुरुवात केली.

तिने घाई केली नाही. कळशी जड होती आणि हळूहळू कमरेवरून घसरू लागली. दासी पुढे झाली, तशी हौसा म्हणाली, "हात लावू नगंस. बाईसाब, भार सोडू नगासा. जरा सोसा, म्हंजी फुडं सोसायला नगं." बाईसाहेबांनी दात आवळले आणि उभ्या राहिल्या. म्हणे त्या वेळी आरीखाली कातळ मेणासारखा मऊ झाला आणि रेघा बोटभर खोल उतरल्या. आरीने कातळ कोरला जात नाही, असे काही पाहुणे म्हणतात. नसेल जात. रेघा पुढ्यातच आहेत, आपापल्या बोटाने चाचपून पाहाव्यात.

हौसाने जोड केला. डावीचा तळ रुंद, त्याला आतून एक जादा थर, कान पसरट म्हणजे फाकलेल्या पावलाला धरून ठेवील पण कापणार नाही. उजवी नेटकी आणि हलकी. आळीत जो बघे तो हसे. एक चप्पल नवऱ्याची आणि एक बायकोची, म्हणू लागले. दौलूने आपल्या जोडाला आतून मखमल लावली होती आणि खरे सांगायचे तर तो दिसायला हौसाच्या जोडापेक्षा कितीतरी देखणा होता. हौसाला रात्रंदिवस एकच धास्ती. आपल्या हट्टापायी हातातली रापी जाईल आणि सुंदराच्या हाती जन्मभर नुसता दोरा येईल.

तृतीयेला दोन्ही जोड या शिळेवर मांडले. विसाजीपंतांनी हौसाचा जोड पाहिला आणि तोंड फिरवले. "असले विजोड पायात घालून गढीची सून चारचौघांत चालणार? लोक शेण घालतील तोंडात." बाईसाहेबांनी आधी दौलूच्या चपला घातल्या, चार पावले चालून पाहिल्या. अगदी घट्ट, मऊ, सुरेख. लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी हौसाच्या घातल्या. डावी ढिली, टाच पडताना फटक फटक वाजू लागली. आता लोक उघड हसले. हौसा पुढे झाली.

"बाईसाब," ती म्हणाली, "रित्या अंगानं नगा बगू. कळशी घ्या, मग सांगा."

बाईसाहेबांनी भरली कळशी कमरेवर घेतली आणि पुन्हा चालून पाहिले. फटक फटक थांबले. डावे पाऊल चपलेत फाकून बसले, तळाच्या कडेशी बरोबर टेकले, कान पायाला बिलगला. मग कळशी कमरेवर तशीच ठेवून त्यांनी दौलूच्या चपलांत पाय घातले आणि दुसऱ्याच पावलाला त्यांचा चेहरा आक्रसला. मखमल मऊ होती, पण करंगळी बाहेरच होती. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पुन्हा हौसाचा जोड चढवला आणि चढाला लागल्या.

त्या दिवशी हौसाने डोंगर पाहिला नाही, देऊळ पाहिले नाही. ती नुसती पावले ऐकत होती. खिंड आली. डावे, उजवे, डावे, उजवे, एकाच ठेक्यात पावले पडत गेली आणि खिंड मागे पडली. वर देवीवर पाणी ओतले तेव्हा कळशी काठोकाठ होती, असे सांगतात. एवढ्या चढावर काठोकाठ कशी राहील ते आम्हाला विचारू नका. देवीचे स्नान झाले, आणि पाणी उंबऱ्यावरून वाहत आले ते सगळ्यांनी डोळ्यांना लावले. दौलू गर्दीतून वाट काढत हौसापाशी आला. त्याचेही डोळे भरले होते.

"वैनी, रापी तुजीच," तो म्हणाला. "आनि सवड झाली की माजंबी माप घे, पाठीवर वझं घेऊन हुबं ऱ्हातो."

डोंगर उतरून सगळे पुन्हा या शिळेपाशी आले. हौसाला आता लुगडेचोळी मिळणार, असा लोकांचा अदमास होता. दासीने तबक पुढे आणलेही होते. बाईसाहेबांनी तबकाकडे पाहिले नाही. त्या हौसाच्या पायांकडे पाहत होत्या. तापल्या कातळाने भाजून त्यांवर फोड आले होते.

"हौसाक्का, तुमच्या पायात काय?"

"काय न्हाई, बाईसाब. गढीच्या नजरंसमोर आमच्या लोकांनी पायात घालायचं नसतं."

बाईसाहेब म्हणाल्या, "तुमचं रोजचं ओझं कोणतं?"

हौसाला प्रश्न कळेना. सुंदराने उत्तर दिले, ओल्या कातड्यांचा भारा, नदीवरून डोक्यावर आणावा लागतो. "तो आणा," बाईसाहेब म्हणाल्या. भारा आला. "घ्या डोक्यावर. उभ्या राहा शिळेवर." हौसा उभी राहिली. आणि गढीची सून, अंगावर जरीचे लुगडे, नाकात मोत्याची नथ, त्या धुळीत खाली बसली. तिने हौसाच्या कमरेला खोचलेली आरी घेतली आणि हौसाच्या पावलाभोवती फिरवू लागली. हात सराईत नव्हता. रेघ कुठे वाकडी गेली, कुठे तुटली. विसाजीपंतांनी डोंगराकडे तोंड फिरवले, या वेळी कुणी न सांगता.

हौसाच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून पाणी ठिबकत होते आणि डोळ्यांतूनही. चपला करण्यात जन्म गेला, पण आपल्या पावलाची रेघ कशी असते ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. भारा डोक्यावर असल्याने तिचे दोन्ही पाय सारखेच फाकले होते. त्या मापाचा जोड तिने स्वतः कापला, स्वतः शिवला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पायात घालून गढीच्या दारावरून चालत गेली. कुणी अडवले नाही. पडदा जरा बाजूला झाला होता, असे बघणारे सांगत.

तेव्हापासून आमच्या आळीत रापी लेकीकडे जाते. हौसाची सुंदराकडे गेली, सुंदराची तिच्या लेकीकडे. शिळेवर एकाशेजारी एक अशी दोन मापे आहेत, एक सुबक आणि एक वेडेवाकडे. हात लावून नमस्कार करायचा तो वेड्यावाकड्याला, अशी इथली रीत आहे.

आजही कातळवेढ्याचा जोड हवा असेल तर माणसाला स्वतः यावे लागते, आणि येताना आपले ओझे घेऊन यावे लागते. आई कडेवर मूल घेऊन उभी राहते. दवाखान्यातल्या बाई त्यांची बॅग आणतात, ढोलवाला ढोल आणतो. काही लोकांना आपले ओझे कोणते तेच सुचत नाही; त्यांना आम्ही परत पाठवतो, घरी जाऊन विचार करून या म्हणतो. निरोपावर माप घेत नाही, मग तो कितीही मोठ्या घरचा निरोप असो. आणि माप झाले की आळीतली बाई आपल्या हातातला खडू गिऱ्हाइकाच्या हातात देते, कातड्यांचा भारा डोक्यावर घेते, शिळेवर उभी राहते आणि म्हणते, "बसा खाली, आता माझं घ्या." भारी कपडे असतात, आजूबाजूला लोक असतात, कुणी कुणी आधी हसण्यावारी नेऊ बघतात. बाई भारा घेऊन उभीच राहते. मग मोठमोठी माणसे खाली बसतात.